भेंडीखालची चपलांची रांग

खाडीकाठ, डहाणू
९ नोव्हेंबर २०१७

चि. जिग्नेश यास,

या पत्रात आशीर्वाद नाहीत. ते मी मागे ठेवलेत. तू शहाणा झालास की पाठवीन.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतोस आणि ठेवून देतोस. तुझी आई म्हणते मला ऐकू येत नाही. मला सगळं ऐकू येतं, लोकच हल्ली हळू बोलतात. म्हणून हे पत्र. मी सांगते, तुझी आई लिहिते, आणि आपली बोंबीलवाली काळी ते बाजारच्या दिवशी सुक्या बोंबलांच्या पाटीत घालून तलासरीला आणील. तिथून तू घे. वास आला तर नाक धर. याच वासात तू वाढलास.

तुझ्या आईच्या अंगात साखर निघाली, हे आम्हाला ठाऊक आहे. तोंडात कधी सापडली नाही, अंगात निघाली. (आई सांगतात तसं लिहिते आहे. हंसा.) डॉक्टर म्हणाला अनवाणी चालायचं नाही, पायाला लागलं तर भरणार नाही. हेही ठाऊक आहे. पण तू अच्छाडला हायवेवर ट्रकवाल्यांना बूट विकतोस म्हणून तुला खाडी कळली असं नाही. ते गुडघ्याएवढे काळे गमबूट पाठवायची अक्कल कुठून आली?

ऐक काय झालं. ती बूट घालून बांधावरून उतरली, सगळ्या बायका बघत होत्या. पहिलं पाऊल पोटरीपर्यंत गेलं. दुसरं गुडघ्यापर्यंत. मग वरच्या तोंडातून गाळ आत शिरला आणि बूट भरला, लोणच्याच्या बरणीसारखा. तिने पाय ओढला तर पाय आला, बूट राहिला. उभाच राहिला तिथे, जेवून झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा. संगिता आणि आणखी दोघींनी ओढून एक काढला. दुसरा खाडीने ठेवून घेतला. उरलेल्यात मी कढीपत्ता लावलाय.

आमच्यात गाळात पायताण घालून कोणी उतरत नाही, हे तुला माहीत नव्हतं का? खाडी आपल्याला जेवायला घालते. आईच्या मांडीवर कोणी चपला घालून चढतं का? माझ्या सासूच्या सासूपासून बायका बांधावरच्या भेंडीच्या झाडाखाली चपला काढतात, रांगेत ठेवतात आणि मग उतरतात. माझे गुडघे गेले तेव्हापासून मी चिंबोऱ्या काढत नाही, पण काम सोडलेलं नाही. मी त्या रांगेपाशी बसते. मला अक्षर वाचता येत नाही, चपला येतात. संगिताच्या निळ्या, आतल्या बाजूने झिजलेल्या, कारण ती चालतेच तशी. तुझ्या आईच्या तपकिरी, डाव्या अंगठ्याला तांब्याची तार. पाणी भरायला लागलं की एकेक वर येते, पाय धुते, चपला घालते, जाते. रांग संपली की मी उठते. एक जोड जरी उरला तरी उठत नाही. मागच्या वर्षी संगिताचा जोड उरला तेव्हा मी अशी बोंब मारली की नारू होडी घेऊन आला. ती बाई तिवराच्या झाडांमागे आडोशाला बसली होती. अजून माझ्याशी सरळ बोलत नाही. न बोलो. जिवंत आहे ना?

तेव्हा बूट पाठवू नकोस. पाठवायचं असेल तर स्वतः ये. तुझ्या पायाचं माप मला घ्यायचंय, काठीने.

हिराबाईचा अंगठा


अच्छाड
१६ नोव्हेंबर २०१७

ती. आजीस सा. न.

तुझं पत्र दुकानातल्या मनिषला वाचून दाखवलं, तो हसला. मला हसू आलं नाही.

डॉक्टरसमोर मी होतो, तू नव्हतीस. त्यांनी आईच्या तळव्यावर पेन टेकवलं आणि विचारलं, कळतंय का? तिला कळत नव्हतं. चार ठिकाणी कळलं नाही. कालवाच्या शिंपल्याच्या धारेने पाय फाटला तरी तिला घरी येऊन रक्त दिसल्यावर समजतं. डॉक्टर म्हणाले, आज जखम, उद्या बोट, परवा पाय. आणि तू मला सासूच्या सासूची गोष्ट सांगतेस. तुझ्या सासूच्या सासूला साखर नव्हती.

गमबूट चुकले, कबूल. एक नंबर मोठे होते, तोंड रुंद होतं. पण मी गप्प बसलो नाही. सुट्टीच्या दिवशी मनिष आणि मी वरोळी नदीवर गळ टाकायला जातो, तिथला काठ साबणासारखा आहे. तिथे मी दुकानातले चार प्रकार घालून बघितले. रबरी सपाता पहिल्याच उतारावर गेल्या, पट्टा तुटून. प्लास्टिकच्या सँडलमध्ये खडे शिरतात आणि पाय आतल्या आत फिरतो. गमबुटाचं तू सांगितलंस. चौथा कॅनव्हासचा, घोट्याच्या वर येणारा, तळाला रबराचे गोटे, वरपर्यंत नाडी. तो घालून मी उतारावर उभा राहून मासा ओढला, पाय हलला नाही. चिखलातल्या बुटाचा नियम एकच, तो पायातून निघता कामा नये.

तो जोड काळीबरोबर पाठवतोय. आईच्या मापाचा आहे, मी तिच्या जुन्या चपलेचा कागद कापून नेला होता. आई, आजीची पत्रं तूच लिहितेस आणि माझं तूच वाचणार, म्हणून तुला सांगतो. जाड मोजे घाल. नाडी घट्ट बांध, दोन गाठी मार. काठावर बसून बूट बदलू नकोस, तिथेच काच आणि शिंपले असतात. घरूनच बांधून जा, घरी येऊनच सोड. चपला त्या दिवशी घालायच्याच नाहीत.

आजी, तू रागाव. पण बूट ती घालणार. नाहीतर मी येऊन तिला इथे घेऊन जाईन.

जिग्नेश


खाडीकाठ, डहाणू
२० डिसेंबर २०१७

चि. जिग्नेश यास,

आशीर्वाद अजून मागेच आहेत.

तुझे बूट आले. तुझी आई घालते. मी मना करून थकले, तिने एका कानाने ऐकलं. दुसरा कान तिने तुला दिलाय. आता ती घरूनच बूट बांधून निघते, बांधावर न थांबता सरळ खाली. बायका तिला फौजदारीण म्हणतात. गाळात तिच्या मागे गोट्यांचे ठसे उमटतात, कोणी नवीन जनावर उतरलंय असं वाटतं.

खोटं बोलणार नाही. ती घसरत नाही. पाय फाटत नाहीत. खाडीच्या वळणापलीकडे, जिथे कालवं इतकी दाट आहेत की कोणी जात नाही, तिथे ती एकटी जाते आणि आकडीने अशा चिंबोऱ्या काढून आणते की काळी बघत राहते. परवा एकीने माझी काठी धरली, सोडेना. तेव्हा मी तिला मानलं. चिंबोरीला, तुला नाही.

पण तू लिहिलेला नियम मी ऐकला आणि माझं डोकं फिरलं. बूट पायातून निघता कामा नये म्हणे. बाळा, नदीचा चिखल पाडतो. खाडीचा गिळतो. पडणाऱ्याला घट्ट बूट ठीक. गिळणाऱ्यासमोर पाय सुटला पाहिजे. अनवाणी पाय कसा काढायचा ते आम्ही पोरींना चालायच्या आधी शिकवतो. बोटं खाली दाबायची, टाच फिरवायची, मग हळूच, आंबा सालीतून काढतात तसा. तुझ्या दोन गाठींच्या आत बोटं काय करणार? वरोळीवर बसून गळ टाकणारा मला खाडी शिकवतो. (मी हे लिहिते आहे. माझे पाय बरे आहेत. हंसा.)

आणखी एक. तिच्या चपला आता रांगेत नसतात. घरी उंबऱ्याबाहेर आरामात बसलेल्या असतात. सात जोड असायचे, सहा राहिले. पुढचा दात पडल्यासारखं दिसतं. मला ते बघवत नाही. तिला म्हटलं तर म्हणते, आई, जिग्नेशने सांगितलंय. जिग्नेशने सांगितलंय. वेद आहे जसा काही.

तुझा बाप वेरावळला दुसऱ्याच्या बोटीवर आहे, होळीला येईल. त्याच्यासाठी बूट पाठवू नकोस.

हिराबाईचा अंगठा


खाडीकाठ, डहाणू
१२ फेब्रुवारी २०१८

जिग्नेश,

अक्षर बदललं ते बघून तुला कळलंच असेल. शेजारची क्रांती लिहिते आहे, अंगणवाडीतली. अक्षर सुंदर आहे, पण मी सांगितलेल्या शिव्या लिहीत नाही. त्या तू आपल्या आपण घालून वाच.

तू दवाखान्याच्या व्हरांड्यात चार लोकांत काय बोललास ते मी विसरले नाही. आजी, तुझ्या रीतींनी माझ्या आईचा पाय खाल्ला. असं म्हणालास आणि पाणी न पिता गेलास. मग आता माझं ऐक. त्या दिवशी तू नव्हतास, म्हणून सांगते.

माघी पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस, उधाणाचं पाणी. सकाळी ओहोटी खूप खाली गेली होती. तुझी आई वळणापलीकडे गेली. तिथे गाळ वरून घट्ट दिसतो आणि खाली पोकळ असतो, हे तिलाही माहीत आहे, पण तुझ्या बुटांनी तिला धीट केलं. उजवा पाय मांडीपर्यंत गेला. अनवाणी असती तर मागच्या पत्रात सांगितली तशी टाच फिरवून बाहेर आली असती. तिने फिरवली. बूट फिरला नाही. तळाच्या गोट्यांनी गाळ धरला आणि नाडीने पाय धरला. हात खाली घालून तिने गाठ सोडायला घेतली. भिजलेली नाडी, दोन गाठी, तूच सांगितलेल्या. नखं तुटली. मग पाणी भरायला लागलं.

नारूने तिला काढलं तेव्हा पाणी तिच्या हनुवटीला होतं. तिवराची एक फांदी तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. त्याने बुडी मारून सुरीने नाडी कापली. बूट अजून तिथेच आहे. मला वाटतं तो आता तिथला मालक झाला. आणि ओढाताणीत झालेली जखम चिघळून तुझ्या आईची दोन बोटं गेली, जी वाचवायला तू ते बूट पाठवले होतेस.

हा तुझ्या नियमाचा प्रताप. मला विचारशील, आजी तू कुठे होतीस. त्या दिवशी मी काठावर नव्हते. मला ताप होता, मी घरी पडून होते. (आजींनी सांगितलं तसं लिहिलं आहे. क्रांती.)

मी असते तर असं झालं नसतं.

हिराबाईचा अंगठा


अच्छाड
१९ फेब्रुवारी २०१८

आजी,

नमस्कार लिहीत नाही. तूही आशीर्वाद देत नाहीस, फिटंफाट.

तुला ताप नव्हता. संगिताकाकी दवाखान्यात आली होती, तिने मला सगळं सांगितलं आणि सांगताना रडली. तू भेंडीखाली होतीस. तिने तुला विचारलं, हंसा वर आली का? तू रांगेकडे बघितलंस आणि म्हणालीस, रांग संपली, चला. सगळ्या निघाल्या. तूही निघालीस. आई तेव्हा गाळात उभी होती.

तुला वाटलं क्रांती लिहील तेच मला कळेल. मला लहानपणी तूच सांगायचीस, चूक झाली तर खाडी माफ करते, खोटं बोललं तर नाही.

बुटाचं माझ्यावर टाक. मी ते घेतो, रोज घेतो. दुकानात तसे जोड टांगलेले आहेत, कोणी मागितले तर मी संपले म्हणून सांगतो. पण तू तिथे बसली होतीस. तुझं काम एकच होतं.

दवाखान्यातून आईला सोडलं की मी तिला इथे आणणार. खोली लहान आहे, ट्रकचा धूर येतो, पण चिखल नाही. काळीकडे पत्र देऊ नकोस.

जिग्नेश


खाडीकाठ, डहाणू
२२ एप्रिल २०१८

जिग्नेश,

देऊ नकोस म्हणालास, तरी देते. काळीला सांगितलंय, त्याने घेतलं नाही तर बोंबील गुंडाळायला कागद लागतोच, पण ते बोंबील त्यातच बांधून त्याच्या हातात दे.

ताप नव्हता. क्रांतीला तेव्हाच ठाऊक होतं, तिने पेन उचलून माझ्याकडे बघितलं होतं. मी म्हटलं, लिही. अंगणवाडीची बाई आहे, खोटं लिहिताना तिचंही अक्षर वाकडं झालं असेल. तुला दिसलं नाही का?

त्या दिवशी मी भेंडीखाली होते. पाणी भरायला लागलं. एकेक आली. संगिता शेवटची. तिने विचारलं, हंसा? मी रांगेकडे बघितलं. रांगेत काहीच नव्हतं. इतकी वर्षं रांग रिकामी म्हणजे खाडी रिकामी. माझ्या डोळ्यांना दुसरं काही येत नाही, जिग्या. तिच्या चपला दोन महिने तिथे नव्हत्या, मला बोचत होतं, मी तुला लिहिलंही, पण बोचण्याचा अर्थ मला कळला नाही. मला वाटलं माझा मान गेला म्हणून बोचतंय. मी म्हणाले, रांग संपली, चला.

आणि यापुढचं संगिताला माहीत नाही, म्हणून तुलाही नाही. मी घरी आले. उंबऱ्याबाहेर तिच्या तपकिरी चपला होत्या, तारवाल्या. सकाळी ती बूट घालून गेली तेव्हापासून तिथेच. पण दारात चपला म्हणजे माणूस घरात. मी तिला हाक मारली, चहा टाक म्हटलं, आणि बसले. तिने उत्तर दिलं नाही. मला राग आला. मनात म्हटलं, हिला माज आलाय, बुटांचा. रागावून बसून राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तेवढा वेळ ती पाण्यात होती. मग चुलीला हात लावला, चूल गार.

त्यानंतर मी कशी धावले ते माझे गुडघे अजून सांगतात.

तुला माझा राग यायलाच हवा. मला तुझा आला, कारण तुझ्यावर रागावणं सोपं होतं. घरूनच बांधून जा, हे तू लिहिलंस. चपला घालायच्याच नाहीत, हेही. काठावर नसलेल्या चपला मी मोजल्या. तुझं वाक्य आणि माझी रांग, दोन्ही मिळून तिच्या पायात पडली. एकट्या बुटाने हे केलं नसतं.

एक गोष्ट मात्र मी मनाशी धरून आहे. तिने हाक मारली नाही. दवाखान्यात मी तिला विचारलं, ती म्हणाली, नाही मारली, लाज वाटली, बायका हसतील. मारली असती तर मी ऐकली असती. मी ऐकलं नाही असं झालं नाही. हे एवढं माझं माझ्याजवळ राहू दे.

तिला तिथे पंखा आहे का? तिला उकाडा सोसत नाही. गोळ्या वेळेवर दे. तिला सांग, मी भेंडीखाली जात नाही. बायका आता आपल्या आपण मोजतात.

हिराबाईचा अंगठा


खाडीकाठ, डहाणू
२८ ऑक्टोबर २०१८

चि. जिग्नेश यास,

तू सहा महिने उत्तर दिलं नाहीस. मी आजी आहे, मी वाट बघू शकते, पण म्हातारी आहे, फार बघू शकत नाही.

आता अक्षर ओळखलंस? गेल्या सोमवारी दुपारी तुझी आई एसटीतून उतरली. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात चपला. पायात ते जाड तळव्याचे दवाखान्याचे जोडे. मी उंबऱ्यात होते. म्हणाली, आई, ट्रक रात्रंदिवस ओरडतात, त्यापेक्षा तुम्ही बऱ्या. तुला सांगून आली म्हणते, पण ज्या पद्धतीने म्हणाली त्यावरून वाटतं सांगून आली, विचारून नाही. शहाणी आहे. (बरोबर आहे. हंसा.)

डॉक्टरने पाय बघितला, जखम भरली. चिखलात जाऊ नका म्हणाला. तिने मान हलवली. ही मान कशी हलते ते मी पंचवीस वर्षं बघते आहे, हो म्हणत हलते, आत नाही असतं. परवा ती बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, मी उतरणार.

आता भांडण ऐक. मी म्हटलं, अनवाणी उतरशील तर पाय जाईल, बुटात उतरशील तर तू जाशील. बस घरी. तिने काय केलं? तू पाठवलेल्या बुटांपैकी डावा इथेच होता, उजवा खाडीच्या पोटात. तिने काळीकडून तुझ्या दुकानातला नवा जोड आणवला. तू म्हणे संपले म्हणून सांगितलंस, मनिषने मागून काढून दिला. तिने नाड्या काढून चुलीत टाकल्या. नारूकडून सायकलची जुनी ट्यूब आणली, बोटभर रुंद पट्ट्या कापल्या आणि भोकांतून ओवल्या. गाठ नाही. ट्यूब पाय धरून ठेवते, पण जोर लावून ओढला की ताणते आणि सोडते. तिने मला भेंडीखाली बसवून दाखवलं. गाळात पाय घातला, टाच फिरवली, बोटं उरलीत तेवढी दाबली, आणि पाय बाहेर. बूट आत. मग हाताने बूट ओढून काढला. तीनदा दाखवलं. तुझा नियम आणि माझा नियम दोन्ही तिने कापून एक पट्टी केली. ना तू मास्तर, ना मी.

आणि चपला. आता ती घरून बूट घालून निघते, पण हातात चपला घेऊन. भेंडीखाली थांबते, रांगेत त्या ठेवते, तारवाली डावी बाहेरच्या बाजूला, आणि मग उतरते. वर आली की चपला उचलते आणि मला दाखवते. मी बघितलं की घेऊन जाते. सातही जणींना मी सांगितलंय, पायात सोन्याचे बूट घाला, पण रांगेत एक जोड टाकल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. मी परत बसायला लागले आहे. संगितानेच पाटावर घोंगडी घातली. अजून सरळ बोलत नाही, पण घोंगडी घातली.

तू दिवाळीला ये. येशील तेव्हा तुझ्या चपला आमच्या उंबऱ्याबाहेर काढ. मला ओळखता येतील का ते बघायचंय.

मागे ठेवलेले सगळे आशीर्वाद या पत्रासोबत पाठवते. आता माझ्याकडे एकही नाही, तेव्हा परत भांडू नकोस.

हिराबाईचा अंगठा

जिग्नेश,

त्यांनी अंगठा उठवला आहे आणि शाई पुसायला आत गेल्या आहेत. हे खालचं माझं आहे.

तुम्ही दोघांनी वर्षभर माझ्या पायांवर पत्रं लिहिली. अर्धी मी माझ्या हाताने लिहिली, तुझं पहिलं मी मोठ्याने वाचलं. तू म्हणालास बूट घालेल, त्या म्हणाल्या अनवाणी जाईल. हंसाला काय हवं ते एकाही पत्रात कोणी विचारलेलं नाही, मी शोधलं. मला उतरायचं आहे. तिथे मला कोणी फौजदारीण म्हणालं तरी मी माझी असते. अच्छाडच्या खोलीत तू मला सहा महिने काचेच्या भांड्यासारखी ठेवलीस, तेव्हा मी गप्प होते, म्हणून आता लिहिते. पुन्हा न्यायला येऊ नकोस. भेटायला ये.

आणि आजीवर धरलेला राग सोड. तो तू चुकीच्या माणसावर धरला आहेस, म्हणून तुला एक गोष्ट सांगते जी तुझ्या बापालाही सांगितलेली नाही. मी हाका मारल्या होत्या. तीन. वळणावरून भेंडी दिसत नाही पण आवाज जातो, संगिताचं बोलणं मला तिथे ऐकू येत होतं. पहिल्या दोन हाका बायकांच्या गलक्यात गेल्या. तिसरी मारली तेव्हा सगळ्या गेल्या होत्या, आणि त्यांच्या काठीचा दगडावर टकटक आवाज येत होता. त्या एकट्या होत्या तिथे. काठी थांबली नाही.

त्या बहिऱ्या आहेत, जिग्नेश. हे तुला आणि मला दहा वर्षं ठाऊक आहे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून आपण जोरात बोलत राहिलो, आणि त्यांच्याजवळ एक तरी काम राहावं म्हणून मीच त्यांना भेंडीखाली बसवलं. सात बायकांचा जीव मी त्यांच्या मनासाठी ठेवला. तेव्हा कोणावर रागवायचं असेल तर ये, माझ्यासमोर उभा राहा आणि रागव. त्यांना हे कधी कळू द्यायचं नाही. हाक मारली नाही, या एका गोष्टीवर त्या जेवतात आणि झोपतात.

त्यांचे डोळे घारीचे आहेत. लांब माल भरलेल्या ट्रकच्या मागे बांधतात ते लाल फडकं तुझ्या दुकानात मिळतं. सात पाठव. आम्ही काठीला बांधून कमरेला खोचू, तिवराच्या वर दिसेल इतकी उंच. अडकली की वर करायचं. त्यांना सांगेन, बगळे हुसकायला आहे, पण उंच वर धरलेलं दिसलं की बोंब मारा.

त्या परत आल्या. समोर बसून बघताहेत. विचारताहेत, अंगठा झाला तरी इतकं काय लिहितेस गं?

मी मोठ्याने सांगितलं, पत्ता.

काळीच्या पाटीतून जाणाऱ्या पत्राला पत्ता लागत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, लिही, नीट लिही.

आई